राजगड ते तोरणा : एका कठीण दिवसाची आखणी

राजगडावरून निघून तोरण्यामार्गे रायगडास पोहोचणारी तीन-चार दिवसांची पदयात्रा ज्यांनी मनात योजली आहे, त्यांना धास्ती वाटते ती बहुधा बोराट्याच्या नाळेची. म्हणजे मोहरीच्या पठारावरून लिंगाण्याच्या पायथ्याकडे कोसळणाऱ्या त्या दगडगोट्यांनी भरलेल्या उतरणीची. ही धास्ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जी जागा उघडपणे भयंकर दिसते तिथे मनुष्य आपोआप सावध होतो, पाय जपून टाकतो, सोबत्याला हाक मारतो. आणि जिथे भय डोळ्यांपुढे उभे राहत नाही, तिथेच तो गाफील सापडतो. या यात्रेतील असा फसवा दिवस म्हणजे राजगडाहून तोरण्यास जाण्याचा. त्याची वाट एका डोंगरधारेवरून जाते, दोन्ही गड बहुतेक वेळ नजरेच्या टप्प्यात असतात, समोर तोरणा इतका स्वच्छ दिसतो की दुपारच्या जेवणास तिथे पोहोचू अशी कोणाचीही समजूत व्हावी. आणि नेमक्या त्याच समजुतीपायी कित्येकांची संध्याकाळ तोरण्याच्या बुधला माचीच्या खालच्या कातळावर, कोरड्या घशाने व थरथरत्या मांड्यांनी होते. हा दिवस कसा आखावा आणि तो बिघडू लागल्यास कोठे थांबवावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम भूगोल. राजगडाची उंची 1376 मीटर व तोरण्याची 1403 मीटर, म्हणजे दोहोंत फरक नाममात्र. पण मधली धार बरीच खाली उतरून, लहानमोठ्या टेकाडांवरून चढउतार करीत, पुन्हा तितकीच वर चढते. या धारेच्या उत्तरेस गुंजवणी-कानंदीचे खोरे आहे व दक्षिणेस वेळवंडीचे, जिचे पाणी पुढे भाटघरच्या धरणात अडलेले दिसते. अंतर बारा-तेरा किलोमीटरांचे धरावे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालीचा जो ठोकताळा घालून दिला, तो आजही जगभर वापरला जातो: सपाटीचे पाच किलोमीटर तासाला, आणि चढाच्या दर सहाशे मीटरांस आणखी एक तास. त्या हिशेबाने हा रस्ता चार तासांचा ठरतो. प्रत्यक्षात त्याला सहा ते आठ तास लागतात, आणि याचे कारण आपल्या लोकांचे पाय मंद आहेत हे नसून, नेस्मिथच्या गणितात पाठीवरचे दहा किलोंचे ओझे नाही, सह्याद्रीचा घसारा नाही, आणि डोक्यावर तळपणारे ऊनही नाही, हे आहे. सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरी धावण्याची स्पर्धा होते, तीत पळणारे लोक हे अंतर ज्या वेळात तोडतात तो वेळ ऐकून आपला बेत आखणे म्हणजे पहिलवानाचा खुराक ऐकून आपले पोट बिघडवणे होय.

आता आदल्या संध्याकाळविषयी, कारण हा दिवस वस्तुतः तिथेच सुरू होतो. पूर्वी राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम टाकणे हा सर्वांचाच शिरस्ता होता. अलीकडे गडांवरील रात्रीच्या मुक्कामाविषयी पुरातत्त्व खात्याचे हुकूम निघत असतात व बदलतही असतात. 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत जे बारा मराठा किल्ले समाविष्ट झाले त्यांत राजगड असल्यामुळे तिथली शिस्त यापुढे सैल होण्याचा संभव नाही. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी, मुभा नसेल तर रदबदली करीत न बसता पायथ्याच्या गुंजवणे किंवा वाजेघर बाजूस कोणाच्या घरी उतरावे, त्यांना राहण्या-जेवणाचा योग्य मोबदला द्यावा, आणि भल्या पहाटे वाट धरावी. पायथ्याहून निघणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावे की, राजगडाची संपूर्ण चढण त्याच्या दिवसाच्या खर्चात वाढली आहे. दोन-अडीच तास आणि तेवढा घाम. अशा माणसाने राजगड आदल्या दिवशीच सावकाश पाहून घ्यावा. बालेकिल्ला, सुवेळा माची, नेढे, हे सारे पाहत पाहत तोरणाही गाठायचा, हा हट्ट एका दिवसात मावत नाही.

त्या संध्याकाळी करावयाची कामे क्षुल्लक दिसतात, म्हणून लोक ती टाळतात. पायांची नखे कापावी. उतारावर बोटे बुटाच्या टोकावर आपटून नखे काळीनिळी होतात, आणि उद्या-परवाचा सारा उतार त्याच बोटांवर काढायचा असतो. टाचेस किंवा बोटांच्या बेचक्यात लाली दिसली तर चिकटपट्टी फोड येण्यापूर्वी लावावी. फोड आल्यावर लावणे हा उशिराचा शहाणपणा. पिशवी उपसून पुन्हा भरावी. पाणी, विजेरी, शिदोरी व औषधे वरच्या वर हाती लागली पाहिजेत. आणि ज्या कोणाला तुमच्या बेताची खबर द्यायची, मग तो घरचा मनुष्य असो वा पायथ्याचा घरमालक, त्याला कागदावर लिहून द्यावे: किती माणसे, कोणत्या वाटेने, कोठे पोहोचणार, आणि अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास काय करावे. भ्रमणध्वनीला धारेवर कधी आवाज लागतो, कधी लागत नाही. कागदाला ही अडचण नाही.

पाण्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण या दिवसाचे सारे मर्म त्यात आहे. राजगडावर टाकी आहेत, तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाच्या परिसरात पाणी आहे. मधल्या धारेवर मात्र भरवशाचे पाणी नाही. सुट्टीच्या दिवशी वाटेतल्या गाडीरस्त्याच्या खिंडीत किंवा एखाद्या धनगराच्या झापाशी ताक-सरबत मिळते, आणि ते मिळाले तर जरूर प्यावे. पण त्याच्यावर विसंबून बाटली रिकामी ठेवू नये. मंगळवारी तिथे कोणी नसते. थंडीच्या दिवसांत दरमाणशी चार लिटर आणि फाल्गुन लागल्यानंतर पाच लिटर, हे प्रमाण मी कोणालाही कमी करू देणार नाही. पाच लिटर म्हणजे पाच किलो वजन, हे खरे. परंतु या ओझ्याचा गुण असा की ते दर तासाला आपोआप हलके होते. हे वजन वाचवायचेच असेल तर जाडजूड छायाचित्रयंत्र, जादा कपडे आणि अवजड डब्यांतून वाचवावे.

उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी ढोसत राहिल्यास मिठाची भरपाई होत नाही. मग पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळ होते, आणि मनुष्य थकला आहे असे समजून सोबती त्याला आणखी पाणीच पाजतात. यासाठी एका बाटलीत जलसंजीवनी विरघळवून ठेवावी. तयार पुडी नसेल तर घरी करता येते: एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. प्रमाण चाखून नव्हे तर मोजून घ्यावे, कारण मीठ जास्त झाले तर उपायाचा अपाय होतो. गडाच्या टाक्यातले पाणी भरल्यास त्यात क्लोरीनची गोळी टाकून, वेष्टनावर सांगितलेली मिनिटे मोजून मगच प्यावे. आणि पिण्याची रीत अशी की तहान लागेपर्यंत थांबायचे नाही, पण घटाघटाही प्यायचे नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट.

आता वाट. डिसेंबरात पुणे भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेडाचे अकरा तास. पद्मावती माचीवरून सहाला विजेरीच्या उजेडात निघावे आणि संजीवनी माची पहाटेच्या संधिप्रकाशात चालावी. ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे, तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज यांची रचना दुर्गशास्त्राच्या अभ्यासकांना मोहात पाडते; पण अंधारात त्या दोन तटांमधल्या पोकळीत पाय गेला तर शास्त्र बाजूला राहते, तेव्हा तटाच्या कडेने न जाता मधली मळलेली वाट धरावी. आळू दरवाजातून बाहेर पडेपर्यंत उजाडलेले असावे. दरवाजानंतरची उतरण घसाऱ्याची आहे. पावले आखूड टाकावी, गुडघे किंचित वाकलेले ठेवावे, शरीराचा भार मागे न झुकवता पायांवर सरळ येऊ द्यावा; मागे झुकणारा मनुष्यच बसकण मारतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, आणि या प्रकारच्या कामाने त्यांना जी इजा होते ती त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखू लागते. नाळेच्या दिवशी पाय का गळाले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या सकाळच्या धावपळीत दडलेले असते.

धारेवर आल्यानंतर वाट चुकण्याचे भय फारसे नाही असे सगळे सांगतात, आणि तरीही लोक चुकतात. याचे कारण ढोरवाटा. गुरे पाण्याकडे आणि चाऱ्याकडे आडवी जातात, त्यांच्या वाटा रुंद, सपाट आणि माणसाच्या वाटेपेक्षा अधिक मळलेल्या असतात, आणि थकलेला पाय नेहमी सपाटीकडे ओढ घेतो. नियम एकच: धार डोक्यावर जाऊ लागली आणि तुम्ही तिच्या बगलेने पाच मिनिटांहून अधिक उतरत राहिलात, तर परत फिरा. काही ठिकाणी वाट टेकाडाला वळसा घालते खरी, पण ती लवकरच पुन्हा धारेस मिळते. भाद्रपद-अश्विनात गवत कमरेइतके वाढलेले असते, कारवीही दाटते, आणि पायाखालचा दगड दिसत नाही. त्या काळात हाती काठी असावी आणि ती पुढे आपटत जावे, कारण फुरसे हा साप माणसाची चाहूल लागूनही वाटेतून हलण्याची तसदी घेईलच असे नाही. पावसाळ्यात, विशेषतः आषाढ-श्रावणात, ही धार ढगात बुडालेली असते. अननुभवी मंडळींनी त्या दिवसांत हा बेतच करू नये. गडावरची कुत्री पुष्कळदा सोबत निघतात व थेट तोरण्यापर्यंत येतात. त्यांची सोबत मोठी गोड असते, परंतु त्यांना वाटाडे समजू नये, ती सशामागेही जातात.

शिदोरीचे थोडक्यात. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर. दर तासाला थोडे थोडे. खिंडीत पंगत मांडून पोटभर जेवणे आणि मग वळचणीच्या सावलीत आडवे होणे हा या दिवसाचा मोठा शत्रू आहे.

धार उतरत उतरत वेल्हे व भुतोंडे यांना जोडणाऱ्या गाडीरस्त्यावर येते, ती ही खिंड. आणि या लेखात वाचकाने एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा ठेवावा. राजगडाहून निघाल्यावर तोरण्याच्या माथ्यापर्यंत, ज्या ठिकाणी मनुष्य सुखरूपपणे, मानहानी न होता, आणि कोणाच्या खांद्यावर न चढता वाटेतून बाहेर पडू शकतो, असे ठिकाण हे एकच आहे. खिंडीच्या पूर्वी निम्मा चढउतार झालेला असतो, पण कष्टाचा मोठा भाग पुढे आहे: ऐन दुपारी, सावली नसलेल्या चढावर, आणि अखेरीस बुधला माचीखालच्या कातळटप्प्यावर, जिथे दमलेल्या पायांना नेमकेपणाने जागा शोधावी लागते. खिंड ओलांडून तासभर वर गेल्यानंतर कोणी बसून राहिला, तर त्याला खाली आणणेही कठीण आणि वर नेणेही कठीण. म्हणून खिंडीत थांबून, पाठीवरची पिशवी उतरवून, घड्याळ, पाणी आणि माणसे या तिहींची झडती घ्यावी. अकरा वाजून गेले असतील, तर तोरणा आज नाही. दरमाणशी दीड लिटरहून कमी पाणी उरले असेल आणि खिंडीत ते भरून मिळण्याची सोय नसेल, तर तोरणा आज नाही. आणि कोणाचा गुडघा सुजला असेल, कोणाचे डोके ठणकत असेल, कोणी नेहमीपेक्षा गप्प झाला असेल, किंवा विचारल्या प्रश्नाचे असंबद्ध उत्तर देत असेल, तर तोरणा त्या तुकडीपैकी कोणासाठीही आज नाही; एकट्याला खाली पाठवून उरलेल्यांनी वर जाण्याची तजवीज करू नये.

हा निर्णय घेताना तुकडीत जो सर्वांत ताजा असतो तोच सर्वांत मोठ्याने बोलतो, असा माझा अनुभव आहे, आणि त्याचे मत सर्वांत कमी मोलाचे असते. विचारावे ते शेवटी चालणाऱ्यास. तेही सर्वांदेखत विचारू नये, कारण चारचौघांत कोणी आपण दमलो असे सांगत नाही. म्हाताऱ्या धनगराला किंवा भुतोंड्याकडच्या गाववाल्याला वेळ विचारली, तर तो सूर्याकडे बघून जे सांगेल ते तुमच्या घड्याळापेक्षा अधिक उपयोगी असते. तो अंतर सांगत नाही, तुमच्या तोंडाकडे बघून तुम्हांला किती वेळ लागेल ते सांगतो. माघारीचे ठरले, तर खिंडीतून रस्त्याने वेल्ह्याच्या बाजूस उतरावे, मुक्काम करावा, आणि दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून बिनी दरवाजाच्या वाटेने तोरणा चढून पुढे मोहरीचा रस्ता धरावा. यात्रेची रेषा थोडी तुटते. तुटू द्यावी. तोरणा तिथेच आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहानंतरही तो महाराजांकडे राहिला, 1704 साली औरंगजेबाच्या फौजेने लढून घेतला, आणि त्यानंतर तो पुन्हा परतही आला.

खिंडीत सारे ठीक असल्यास मात्र रेंगाळू नये. पुढची चढण टप्प्याटप्प्याने वाढत जाते. या भागात बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. वाक्य अर्धवट तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला आहे. डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा ओले उपरणे असावे. कोणाची त्वचा तापलेली आणि बोलणे भ्रमिष्ट वाटले, तर तो थकवा नव्हे, उष्माघात होय. त्याला ताबडतोब मिळेल त्या सावलीत निजवून, कपडे सैल करून, पिण्यासाठी राखलेले पाणीही अंगावर शिंपडून वारा घालावा, आणि 112 किंवा 108 क्रमांकावर संपर्क साधावा. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी मिळून चालवलेले एक बचाव समन्वय केंद्रही आहे. त्याचा क्रमांक निघण्यापूर्वी प्रत्येकाने लिहून घ्यावा, एकट्या म्होरक्यापाशी ठेवू नये, कारण घसरणारा मनुष्य म्होरक्याही असू शकतो.

बुधल्याखालचा कातळ फार कठीण नाही. सकाळी सातला कोणी तिथे आणून सोडले तर लहान मूलही हसत चढेल. दुपारी दोनला तो वेगळा असतो. तिथे पोहोचण्यापूर्वी दहा मिनिटे बसावे, जलसंजीवनीचा पेला घ्यावा, बुटांचे बंद पुन्हा आवळावे, आणि एकेकाने चढावे. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर खालच्याला बाजूला होण्यास जागा राहिली पाहिजे. आधारास लोखंडी कठडे वा शिड्या असल्या तरी त्यांना प्रथम हलवून पाहावे, मग भार द्यावा. कड्यांच्या पोटाशी आग्यामोहोळे असतात. तिथे आरडाओरडा, धूर आणि अत्तरे यांना सक्त मनाई समजावी. माशा उठल्याच तर हात झाडत उभे न राहता तोंड-डोके कापडाने झाकून, पण कड्याचे भान ठेवून, दूर सरकावे.

माचीवर आल्यानंतर दिवस संपला असे वाटते. मेंगाईच्या देवळापर्यंत अजून चालायचे आहे, आणि अपघात याच निष्काळजी तासात होतात. गडावर पोहोचल्यावर पहिले काम पाणी भरून शुद्ध करण्याचे, दुसरे पाय तपासण्याचे, जेवण त्यानंतर. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला गेला असे बखरींतून सांगितले जाते. आपण दिवसभर जी धार तुडवली तिच्यावरून ते धन उलट दिशेने गेले असावे, ही कल्पना करीत पडायला संध्याकाळ बरी असते. मात्र उद्या पलीकडच्या भट्टी गावाकडे उतरायचे आहे, तेव्हा नऊला निजावे.

तोरण्यावरही मुक्कामास मनाई असल्यास, किंवा यात्रा इथेच संपवायची असल्यास, बिनी दरवाजाने वेल्ह्यास उतरण्यासाठी दोन-अडीच तास लागतात. हिवाळ्यात साडेतीननंतर हा उतार सुरू करू नये. करावाच लागला तर प्रत्येकाच्या हाती चालू विजेरी असावी. वेल्ह्याहून पुण्यास एस.टी. जाते, शेवटच्या गाडीची वेळ सकाळी नव्हे, आदल्या आठवड्यातच आगारात विचारून ठेवावी. आणि ज्या घरमालकापाशी तो कागद देऊन तुम्ही निघालात, त्याला वेल्ह्यास पोहोचताच निरोप धाडावा. अन्यथा तो बिचारा रात्री कंदील घेऊन धारेवर जाईल.